थंड पाण्यात जस्त खाली का बसत नाही

बाणेरच्या एका सल्लागार कंपनीतल्या तरुण अभियंत्याचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कॅनडाच्या युकॉन भागात शिसं-जस्ताची एक बंद पडलेली खाण आहे. तिच्यातून वर्षभर पाणी बाहेर येतं. त्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम जस्त, ४० मिलिग्रॅम लोह आणि १० मिलिग्रॅम मँगनीज. चुना घालून पीएच ९.५ वर न्यायचा, कण एकत्र चिकटवणारं पॉलिमर घालायचं, क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे निवळण्याच्या टाकीत, निवळू द्यायचं, अशी साधी पद्धत. तिथून डब्यांत भरून आलेल्या पाण्यावर पुण्यात जार टेस्ट (छोट्या भांड्यांत ढवळून, निवळू देऊन केलेली चाचणी) केली की वरच्या निवळीत जस्त ०.२ येतं. तिकडे प्लांटमध्ये जानेवारीत पाणी २ अंशांवर असताना तेच १.९ येतं. टीएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणारा घन गाळ, लिटरमागे १४ मिलिग्रॅम. चुना वाढवून पाहिला, उपयोग झाला नाही. मग चुकतंय काय? जोडीला वरिष्ठांची विचारणा आहे: चुन्याऐवजी जिवाणूंकडून हे काम करून घेता येणार नाही का?

चुना वाढवणं आधी थांबवा. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे, तो कागदावर मांडून पाहा. ३० मिलिग्रॅम जस्ताचं हायड्रॉक्साइड झालं की त्याचं वजन ४६ च्या आसपास होतं. ४० लोहाचं ७७, मँगनीजचं १५-१६. त्यात न विरघळलेला चुना आणि तयार होणारं कॅल्शियम कार्बोनेट मिळून शंभरेक धरा. लिटरमागे २४० मिलिग्रॅम गाळ झाला आणि त्यात ३० जस्त. म्हणजे गाळाचा आठवा भाग निव्वळ जस्त आहे. आता तुमच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातला १४ टीएसएस घ्या. त्याचा आठवा भाग १.७५. तुमचे १.९ जवळजवळ तिथेच संपले! विरघळलेलं जस्त उरलं ०.१५, पुण्यात येतं तेवढंच.

चुन्याने आपलं काम चोख केलंय. जस्त पाण्यातून सुटलेलं आहे, फक्त खाली बसलेलं नाही. ते बारीक गुठळ्यांत अडकून क्लॅरिफायरच्या काठावरून वाहून चाललंय. असं असताना आणखी चुना घालणं म्हणजे आणखी गाळ तयार करणं.

अर्थात हा माझा कागदावरचा अंदाज आहे. खात्री करायची तर प्लांटवरच्या माणसाला सांगा की क्लॅरिफायरच्या बाहेरचं पाणी घेतल्या घेतल्या, तिथल्या तिथे, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग त्यात नायट्रिक आम्ल घालायचं. दुसरी बाटली न गाळता तशीच आम्लात. दोन्ही बाटल्यांतलं जस्त मोजा. गाळलेल्यात ०.२ च्या आसपास आलं तर पुढचं सगळं निवळण्याबद्दल आणि गाळण्याबद्दल आहे. गाळलेल्यातही १ च्या वर आलं तर मात्र पीएच आणि वेळ यांच्याकडे वळावं लागेल. गाळणं तिथल्या तिथे का, तर बाटली विमानातून येईपर्यंत तापते, आतली रासायनिक क्रिया चालूच राहते आणि हाती येणारा आकडा त्या क्लॅरिफायरचा राहत नाही. ही एक चाचणी न करता लोक महिनोन्‌महिने पीएच वर-खाली करत बसलेले मी पाहिले आहेत.

मला स्वतःला हे भोसरीत कळायला हवं होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथल्या प्लेटिंगच्या कारखान्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, बघायची. जस्त, निकेल, क्रोम, सगळं चुन्यानेच पाडायचं. एका जुन्या ऑपरेटरने मला सांगितलं होतं, "मॅडम, डिसेंबर-जानेवारीत पहिल्या पाळीला पाणी निवळतच नाही. अकराला ऊन वर आलं की आपोआप बसतं." मी ते डोसिंग पंपाच्या माथी मारून मोकळी झाले. पुण्यातली थंडी ती केवढी, उघड्या टाकीतलं पाणी पहाटे फार तर १५-१६ अंशांवर जात असेल, असं मला वाटलं. पुढे पहिल्यांदा बर्फाळ प्रदेशातल्या खाणीचं काम आलं तेव्हा मी खोलीच्या तापमानाला केलेल्या जार टेस्टवरूनच क्लॅरिफायरचा आकार ठरवला. पहिल्याच हिवाळ्यात तो प्लांट निम्म्या प्रवाहावर चालवावा लागला आणि उरलेलं पाणी साठवण तलावात सोडावं लागलं. तेव्हा मला त्या ऑपरेटरचं वाक्य आठवलं. त्याला स्निग्धता, म्हणजे पाण्याचा घट्टपणा, हा शब्द ठाऊक नव्हता, पण टाकी त्याने वर्षानुवर्षं पाहिली होती.

स्निग्धतेचा हिशोब असा. पुण्यातल्या २६ अंशांच्या पाण्याची स्निग्धता ०.८७ मिलिपास्कल-सेकंद, २ अंशांच्या पाण्याची १.६७. जवळपास दुप्पट. त्याच आकाराची, त्याच वजनाची गुठळी तिकडे निम्म्या वेगाने खाली येते. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते, कारण गुठळीच तशी बांधली जात नाही. घट्ट पाण्यात तीच मोटर तेवढ्याच ताकदीने ढवळली तरी कण एकमेकांवर कमी आपटतात, गुठळ्या लहान आणि भुसभुशीत राहतात. शिवाय ४ अंशांच्या खाली पाण्याचं गणित उलटतं: जास्त थंड पाणी हलकं होऊन वर राहतं. क्लॅरिफायरमध्ये १ अंशाचं पाणी असेल आणि खाणीतून ३ अंशांचं आत आलं, तर आत येणारं पाणी खाली बुडी मारतं, तळाचा गाळ उचकटतं आणि पलीकडच्या काठाने वर येतं. वर उघडं आभाळ, वारा, काठाला धरलेला बर्फ. क्लॅरिफायरवर छप्पर घाला असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि प्रत्येक ठिकाणी खर्चाच्या यादीतून पहिलं तेच कापलं जातं. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण तीन हिवाळ्यांत त्याहून जास्त पैसा पॉलिमरवर जातो.

आता पुण्यातल्या जार टेस्टबद्दल. तुमची चाचणी चुकीच्या पाण्यावर आणि चुकीच्या तापमानाला होते आहे. पाणी चुकीचं अशासाठी की खाणीतून निघताना त्यात फेरस (विरघळलेल्या रूपातलं) लोह असतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बराच असतो. थंड पाण्यात हा वायू २५ अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त विरघळतो. डबा तुमच्या टेबलावर येईपर्यंत हवेमुळे फेरसचं बरंचसं फेरिक (न विरघळणारं) झालेलं असतं, वायू उडून गेलेला असतो, डब्याच्या तळाशी तांबूस थर बसलेला असतो. त्या लोहाबरोबर थोडं जस्त आधीच खाली गेलंय. म्हणजे तुम्ही अर्धी प्रक्रिया झालेल्या पाण्यावर प्रक्रिया करून छान निकाल मिळवताय. शक्य असेल तर फेरस सल्फेट, जस्त सल्फेट आणि मँगनीज सल्फेट घेऊन ते पाणी पुण्यातच ताजं बनवा, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडा. खाणीचं पाणी आणायचंच असेल तर डबे काठोकाठ भरून, हवा न ठेवता, थंड पेटीतून आणा.

तापमानासाठी बर्फाच्या टबात जार ठेवून चालत नाही. जारच्या कडा थंड, वरची हवा गरम, त्यामुळे आत पाण्याचे प्रवाह सुटतात आणि तेच गुठळ्या ढवळतात. गार पाणी तापताना त्यातली हवा बुडबुडे होऊन निघते, हे बुडबुडे गुठळ्यांना चिकटून त्यांना वर आणतात. मग आपल्याला वाटतं पॉलिमरच वाईट. अख्खी खोलीच थंड हवी. मी गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहात भाड्याने कोपरा घेतला होता. सफरचंदांच्या पेट्यांमागे एक टेबल, त्यावर सहा जारचं यंत्र, अंगात दोन स्वेटर. पाणी, चुना, पॉलिमर सगळं आदल्या रात्री तिथे नेऊन ठेवायचं आणि सकाळी चाचणी सुरू करायची. दूध शीतकरण केंद्राची खोलीही चालते, पण ती ४ अंशांच्या आसपास असते. २ अंशांसाठी फळांचं शीतगृह बरं. वर निवळी दिसायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. तुमच्या क्लॅरिफायरचं क्षेत्रफळ त्या मिनिटांवरून ठरतं, जस्ताच्या आकड्यावरून नाही.

पॉलिमरकडे मात्र लगेच लक्ष द्या, कारण तिथे सुधारणा स्वस्तात होते. पावडरचं पॉलिमर २ अंशांच्या पाण्यात भिजवलं तर ते उलगडतच नाही, गोळे होतात, आणि आपण डोस वाढवत जातो. भिजवायचं पाणी फक्त २० अंशांपर्यंत गरम करा. लिटरमागे २ मिलिग्रॅम डोस आणि ०.२ टक्क्यांचं द्रावण धरलं तर प्रक्रियेच्या दर हजार लिटर पाण्याला हे कोमट पाणी एक लिटर लागतं. जनरेटरच्या किंवा कॉम्प्रेसरच्या उष्णतेतून तेवढं सहज निघतं. भिजायला पूर्ण तास द्या. मग जोरात ढवळण्याची टाकी आणि हळू ढवळण्याची टाकी वेगळी आहे ना ते पाहा, आणि हळू ढवळण्याचा वेळ पुण्यातल्या जारपेक्षा दुप्पट धरा.

चुन्याची गंमत अशी की विरघळलेल्या अवस्थेत तो थंड पाण्यातच जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. पण तिकडे कळीचा चुना जागेवर विरवत असतील तर गोष्ट वेगळी. कळी विरताना किलोमागे हजार किलोज्यूलहून अधिक उष्णता सुटते आणि ती तिथेच टिकली तर टाकी ७५-८५ अंशांपर्यंत तापते. मग चुन्याचे कण अगदी बारीक होतात. २ अंशांचं पाणी भरमसाट घातलं तर टाकी तापत नाही, कण जाड राहतात, हळू विरघळतात, पीएच मागून चढत राहतो. त्यातून पैसे वाचावेत म्हणून प्रक्रिया झालेलंच पाणी विरवायला वापरतात. त्यातलं सल्फेट चुन्याच्या कणावर जिप्समचं कवच चढवतं, आतला चुना वाया जातो आणि गाळात भर पडते. विरवायला स्वच्छ पाणी, कमी पाणी, आणि टाकीला वेष्टण. मी वर कागदावर धरलेले ते शंभरेक मिलिग्रॅम इथे कमी होऊ शकतात.

पीएचबद्दल एक खोल मुद्दा आहे, तो तुम्हाला पुढे कधी ना कधी लागेल. २६ अंशांवर पीएच ९.५ आणि २ अंशांवर पीएच ९.५ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत पाण्याचं स्वतःचं विघटन कमी होतं; ० अंशाला उदासीन पाण्याचा पीएच ७ नसतो, ७.४७ असतो. त्यामुळे २ अंशांवर ९.५ ला जेवढे हायड्रॉक्साइड आयन असतात ते पुण्यातल्या ९.५ च्या साधारण आठवा भाग. पीएच मीटरवरचं तापमान सुधारणेचं बटण हे दुरुस्त करत नाही. ते फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं, पाण्याचं रसायन नाही. म्हणून गाळलेल्या बाटलीत जस्त जास्त निघालंच तर ९.८ किंवा १० करून पाहायला हरकत नाही. पण मग बाहेर सोडताना पुन्हा खाली आणावं लागतं, कारण कॅनडाच्या धातू खाणींच्या केंद्रीय नियमांत सांडपाण्याचा पीएच ६ ते ९.५ च्या आत हवा. सध्या तुम्ही अगदी वरच्या कुंपणावर चालत आहात.

त्याच नियमांत जुन्या चालू खाणींना जस्ताची महिन्याची सरासरी मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे आणि टीएसएसची १५. आपल्याकडे जमिनीवरच्या पाण्यात सोडायला जस्त ५ पर्यंत चालतं, म्हणून आपल्या माणसांना १.९ हा आकडा चांगला वाटतो. तिकडच्या नद्या-तळ्यांत ट्राउट मासे आहेत. पाणी मृदू असेल, कॅल्शियम कमी असेल, तर अशा पाण्यात जस्त माशांच्या कल्ल्यांना फार लवकर बाधतं. तुमच्या खाणीच्या परवान्यातला आकडा ०.५ पेक्षाही कडक असू शकतो, तो समोर ठेवूनच पुढे वाचा. ०.५ जरी धरलं आणि विरघळलेलं ०.१५ त्यातून वजा केलं, तरी गाळातून जाण्यासाठी ०.३५ उरतं. आठपट केलं की टीएसएस ३ च्या आत हवा! टीएसएसचा नियम पाळूनही तुम्ही जस्ताच्या नियमात नापास व्हाल. जानेवारीत एकटा क्लॅरिफायर ३ देऊ शकत नाही. माझ्या मते इथे वाळूच्या फिल्टरला पर्याय नाही.

फिल्टर लावताना थंडीची आणखी एक खोड लक्षात ठेवा. बॅकवॉश करताना, म्हणजे फिल्टर धुवायला पाणी उलटं सोडताना, घट्ट पाणी वाळूला जास्त वर उचलतं. पुण्याच्या वेगाने बॅकवॉश केलात तर वाळू, आणि वाळूवर अँथ्रासाइटचा (कठीण कोळशाचा) थर असेल तर तो आधी, गटारात जाईल. हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा बॅकवॉशचा वेग वेगळा ठरवा आणि तसा फलक पंपावर लावा.

त्याच्याही आधी, गाळ परत फिरवण्याची सोय करा. नुसत्या चुन्याच्या पद्धतीत गाळात घन भाग १ ते ५ टक्के असतो, बाकी पाणीच. तळाचा गाळ परत आणून आधी त्यात चुना मिसळायचा आणि मग हा चुना लागलेला गाळ खाणीच्या पाण्याला भेटवायचा. नवीन पडणारं हायड्रॉक्साइड जुन्या कणांवर थर धरतं, कण जड आणि घट्ट होतात, घन भाग २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. नव्या गाळाच्या वीसेक पट जुना गाळ फिरता ठेवावा लागतो. अमेरिकेत मोंटानातल्या बट गावच्या बर्कली पिटजवळचा प्रक्रिया प्रकल्प २००३ पासून याच पद्धतीवर चालतो, आणि तिथला हिवाळा काही मवाळ नाही. तुमच्याकडे नुसता एक पंप आणि एक छोटी टाकी वाढवायची आहे. करा.

जिवाणूंच्या प्रश्नाला माझं उत्तर: होतं, पण मुख्य काम त्यांच्यावर टाकू नका. सल्फेट खाऊन सल्फाइड सोडणारे जिवाणू असतात. त्या सल्फाइडबरोबर जस्त जे संयुग बनवतं ते हायड्रॉक्साइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतं. ४-५ अंशांवरही हे जिवाणू जगतात आणि काम करतात, फक्त फार सावकाश. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात दोन हजार मीटरच्या उंचीवर लेवायथन नावाची जुनी गंधकाची खाण आहे. तिथे एका झऱ्याच्या पाण्यावर इथेनॉल देऊन असे जिवाणू पोसले जातात आणि ती टाकी बर्फातही चालते. पण झऱ्याचा प्रवाह लहान आहे. तुमचा प्रवाह मोठा असेल तर टाकी एवढी मोठी लागेल की ती उबदार ठेवण्याचा खर्च चुन्याच्या वर जाईल. लहान, दूरच्या, वीज नसलेल्या गळतीसाठी ही पद्धत मला मनापासून आवडते. तिथल्याच ओढ्याचा चिखल विरजणासारखा वापरा, बाहेरून आणलेले जिवाणू त्या थंडीत लवकर रुळत नाहीत. वरचा बर्फ मात्र साफ करू नका, तेच पांघरूण आहे.

थंडी नुसती शत्रू नाही. कॅनडातल्याच येलोनाइफजवळच्या जायंट खाणीत २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी जमिनीखाली पडून आहे, आणि तिच्या भोवतीचा खडक गोठवून ठेवण्याचा मार्ग तिथे निवडला गेला आहे. तुमच्यासाठी थंडीचा उपयोग गाळात आहे. हायड्रॉक्साइडचा गाळ जेलीसारखा असतो, प्रेसमधून पाणी सोडत नाही. तोच वीतभर जाडीच्या थरांत पसरून हिवाळाभर गोठू द्या. बर्फाचे स्फटिक कणांना बाजूला ढकलून एकत्र दाबतात, आणि वितळल्यावर हाती कॉफीच्या चोथ्यासारखा रवाळ माल राहतो, पाणी आपलं आपण निथळून जातं. पुण्यात हे पाहायचं तर गाळाची एक बरणी रात्रभर डीप फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी टेबलावर वितळू द्या. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा लॅबमधली सगळी माणसं बघायला जमली होती.

खरी कसोटी जानेवारीत नाही, बर्फ वितळतो तेव्हा आहे. हिवाळाभर खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर आणि खाणीच्या भिंतींवर जस्ताचे क्षार साचलेले असतात, पहिलं वितळणारं पाणी ते धुऊन आणतं. साठवण तलावातही बर्फ शुद्ध पाण्याचा होतो आणि धातू खालच्या द्रवात घट्ट होत जातात. तेव्हा प्रवाह कित्येक पट वाढलेला, जस्त वाढलेलं आणि पाणी अजून १-२ अंशांवरच. म्हणून शीतगृहातली जार टेस्ट ३० मिलिग्रॅम जस्तावर झाली की लगेच दुप्पट जस्ताचं पाणी बनवूनही करा. गेल्या दोन-तीन वर्षांचे मे महिन्यातले प्रवाहाचे आकडे तिकडून मागवा आणि फिल्टरचं क्षेत्रफळ त्या आकड्यांवर काढा. एप्रिल संपायच्या आत साठवण तलाव जितका रिकामा करता येईल तितका करून ठेवायला प्लांटवरच्या लोकांना आत्ताच सांगा. मेमध्ये क्लॅरिफायरला झेपणार नाही ते पाणी थांबवायला तेवढी एकच जागा त्यांच्याकडे असेल.